ओटीतून आयसीयूत: पेशंटचा ओव्हर देताना-घेताना पडणारे प्रश्न

मोठ्या ऑपरेशननंतर पेशंट ओटीतून (ऑपरेशन थिएटरमधून) थेट आयसीयूत जातो, तेव्हा सर्जन, भूलतज्ज्ञ आणि ओटीच्या सिस्टर त्याला एका नव्या टीमच्या हवाली करतात. यालाच आपण 'ओव्हर देणं' म्हणतो. खालचे प्रश्न रेसिडेंट डॉक्टर, आयसीयूतल्या सिस्टर-ब्रदर आणि लहान हॉस्पिटलं चालवणारे डॉक्टर वरचेवर विचारतात. शेवटाकडे नातेवाइकांचाही एक आहे. औषधांचे आकडे उदाहरणादाखल दिले आहेत. तुमच्या हॉस्पिटलचा प्रोटोकॉल असेल तर तोच पाळायचा.

ओव्हर नेमका सुरू कधी होतो?

ट्रॉली आयसीयूच्या दारात आली की, असं बहुतेकांना वाटतं आणि निम्मा घोळ तिथेच होतो. सर्जननी पोट बंद करायला घेतलं, म्हणजे निघायला साधारण अर्धा तास उरला, की ओटीतून आयसीयूला फोन गेला पाहिजे. "पेशंट येतोय, बेड तयार ठेवा" हा फोन झाला नाही म्हटलं तरी चालेल, कारण त्यातून सिस्टरना काहीच कळत नाही. सांगायचं ते असं: नाव, वय, वजन, ऑपरेशन कुठलं झालं (यादीत लिहिलेलं नव्हे, प्रत्यक्षात झालं ते), श्वासाची ट्यूब ठेवलीय की काढली, व्हेंटवर (व्हेंटिलेटरवर) किती ऑक्सिजन आणि किती पीप (श्वास सोडल्यावरही फुप्फुसात राखलेला दाब) लागतोय, औषधांचे किती पंप चालू आहेत आणि कशाचे, आर्टरी लाईन (धमनीतली नळी), सेंट्रल लाईन (मोठ्या शिरेतली नळी) आहे का, रक्त चालू आहे का, आयसोलेशन लागेल का.

यातलं वजन हमखास राहतं. वजन माहीत नसेल तर पंपावर डोस बसवता येत नाही. आणि पेशंट आल्यावर, ट्यूब तोंडात असताना, वजन कोणाला विचारणार? टायडल व्हॉल्यूमसाठी (व्हेंटने एका श्वासात द्यायच्या हवेसाठी) उंचीही लागते, तीही सांगून टाकावी.

लिफ्टमध्ये शिरताना दुसरा फोन: "निघालो." एवढाच.

दहा मिनिटांचं काम. त्याचा इतका बाऊ कशाला?

कारण त्या दहा मिनिटांत पेशंटभोवतालची जवळपास प्रत्येक गोष्ट बदलते. ओटीचा मॉनिटर सुटतो, शिफ्टिंगचा लागतो, मग आयसीयूचा. भुलेच्या मशीनवरून ॲम्बू (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) किंवा ट्रान्सपोर्ट व्हेंटिलेटर, तिथून आयसीयूचं व्हेंट. पेशंटला टेबलावरून ट्रॉलीवर आणि ट्रॉलीवरून बेडवर घेताना दर वेळी बीपी हलतं, ट्यूब हलते, लाईन ओढली जाते. भुलेचा अंमल उतरायला लागलेला असतो. आणि नेमक्या याच वेळी, चार तास त्याच्या उशाशी बसलेला माणूस त्याला सोडून जाणार असतो आणि त्याला पहिल्यांदाच पाहणारा माणूस ताबा घेणार असतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली रुग्णसुरक्षेचे नऊ उपाय जाहीर केले, त्यांत पेशंट हवाली करतानाचा संवाद हा एक स्वतंत्र उपाय होता. अमेरिकेतल्या जॉइंट कमिशनने (हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या संस्थेने) त्याच्या आधीच, २००६ मध्ये, तो हॉस्पिटलांच्या सुरक्षा-उद्दिष्टांत घातला. आपल्याकडे हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या एनएबीएचच्या तपासणीतही ओव्हरच्या नोंदी मागतात. तपासणी आली की वॉर्डावॉर्डांत नवे छापील फॉर्म दिसू लागतात, हे आपण सगळेच पाहतो. पण या पानाचा विषय फॉर्म नाही.

फॉर्म्युला वनच्या पिट स्टॉपवरून हे शिकले, ही गोष्ट खरी की व्हॉट्सॲपवरची?

खरी. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या लहान मुलांच्या हॉस्पिटलातली. तिथे बाळांच्या हृदयाची ऑपरेशनं होतात. हृदयशल्यविशारद मार्टिन इलियट आणि आयसीयूचे ॲलन गोल्डमन टीव्हीवर मोटारशर्यत बघत होते. पिट स्टॉपमध्ये गाडी येते, वीसेक माणसं तिच्यावर तुटून पडतात, काही सेकंदांत चारही चाकं बदलून गाडी सुटते आणि कोणी कोणाच्या पायात येत नाही. आणि आपल्याकडे बाळ आयसीयूत आलं की? या प्रश्नातून त्यांनी फेरारीच्या टीमशी संपर्क केला, इटलीत जाऊन त्यांचं काम पाहिलं, विमानाच्या कॅप्टनांशीही बोलले. मानवी चुकांचा अभ्यास करणारे केन कॅचपोल यांनी आधीचे २३ आणि नंतरचे २७ असे एकूण ५० ओव्हर मोजून २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले.

ही गोष्ट सांगताना सगळे वेगावर भर देतात, तो चुकीचा आहे. फेरारीकडून त्यांनी घेतलं ते वेगळंच. पिट स्टॉपमध्ये एक माणूस हातात दांडीवरची पाटी धरून उभा असायचा. गाडी थांबेल कधी आणि सुटेल कधी हे तोच ठरवायचा. आयसीयूत असा माणूस कोण, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. त्यांनी ठरवून टाकलं: सुरुवातीला भूलतज्ज्ञ, आणि ताबा दिल्यावर आयसीयूचे डॉक्टर. दुसरं, प्रत्येकाला एकच नेमलेलं काम: व्हेंट एकाने जोडायचं, मॉनिटर दुसऱ्याने, ड्रेन (आतलं पाणी-रक्त बाहेर काढणारी नळी) तिसऱ्याने. तिसरं, काम चालू असताना बडबड नाही. चौथं, पुढे काय बिघडू शकेल याचा आधीच विचार.

आकडे असे: जोडण्या-बिडण्यांतल्या चुका दर ओव्हरमागे सरासरी ५.४२ वरून ३.१५ वर आल्या. सांगायची राहून गेलेली माहिती २.०९ वरून १.०७ वर. आणि वेळ १०.८ मिनिटांवरून ९.४ मिनिटांवर. वेळ कमी झाला तो बरोबर आलेलं फळ म्हणून. मुद्दाम घाई कोणी केली नाही.

हेही लक्षात ठेवावं की हा एका हॉस्पिटलातला, पन्नास ओव्हरचा अभ्यास आहे. त्याने चुका मोजल्या, मृत्यू नाही. पिट स्टॉपमुळे इतके जीव वाचले असं जे पुढे ढकललं जातं, त्याला या अभ्यासाचा आधार नाही.

आधी मशीन जोडायची की आधी माहिती द्यायची? वेळ वाचवायला दोन्ही बरोबरच केलं तर?

दोन्ही बरोबर करू नये. या पानावरचं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: आधी हात, मग तोंड.

नेहमीचं चित्र डोळ्यासमोर आणा. ट्रॉली आली. मामा (वॉर्डबॉय) आणि ब्रदर पेशंटला बेडवर सरकवतायत. एक सिस्टर ईसीजीच्या लीड लावतायत, दुसऱ्या पंपांची वायर सॉकेटपर्यंत पोचते का बघतायत. आयसीयूचे डॉक्टर व्हेंट जोडून छातीला स्टेथो लावतायत, म्हणजे कान बंद. आणि पायथ्याशी उभे राहून भुलेचे रेसिडेंट सांगतायत, "सर, साठ वर्षांचे, डायबेटिक आहेत, पेनिसिलिनची ॲलर्जी आहे..." ॲलर्जी कोणी ऐकली? सांगणाऱ्याच्या मते त्याने सांगितली. घेणाऱ्याच्या मते कोणी काही बोललंच नाही. रात्री अँटिबायोटिक बदलताना हा फरक कळतो.

म्हणून क्रम असा. पेशंट बेडवर. व्हेंट जोडलं, छाती दोन्हीकडे वर येतेय, दोन्हीकडे हवा जातेय, कॅप्नोग्राफचा (श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या यंत्राचा) आलेख दिसतोय. मॉनिटर लागला, आर्टरी लाईन झीरो केली. पंप विजेवर आणि चालू. ड्रेन आणि लघवीची पिशवी जागेवर, खाली. मग ताबा देणारा मोठ्याने विचारतो, "सगळं जोडलं? बीपी किती? सॅच्युरेशन किती?" आकडे ठीक असतील तर सगळे हात थांबतात, सगळे बेडपाशी येतात आणि तेव्हाच माहिती सुरू होते. माहितीच्या त्या चार मिनिटांत फोन नाही, दुसऱ्या बेडची चौकशी नाही, नातेवाइकांना सही मागायला जाणं नाही. विमानात दहा हजार फुटांखाली वैमानिकांनी कामाव्यतिरिक्त काही बोलायचं नाही असा नियम अमेरिकेत १९८१ पासून आहे. आपल्या बेडपाशी चार मिनिटं तरी तो चालवायला हरकत नसावी.

आकडे ठीक नसतील तर? मग माहिती थांबते, पेशंट आधी. तोवर भूलतज्ज्ञ हलत नाहीत.

कोणकोण हजर हवं? सर्जन आलेच नाहीत तर?

देणाऱ्यांत भूलतज्ज्ञ आणि सर्जिकल टीममधलं कोणीतरी, ज्याने पोटात हात घातलाय असं. घेणाऱ्यांत आयसीयूचे डॉक्टर आणि त्या बेडच्या सिस्टर. बेडच्याच. सिस्टर इन्चार्जनी ऐकून नंतर सांगणं म्हणजे आणखी एक ओव्हर, आणि प्रत्येक ओव्हरमध्ये थोडं गळतंच.

सर्जन येत नाहीत ही तक्रार सगळीकडची आहे. पुढची केस टेबलावर घेतलेली असते, ओपीडी खोळंबलेली असते. भूलतज्ज्ञ सांगतीलच की, असा समज असतो. पण भूलतज्ज्ञ पडद्याच्या अलीकडे असतात. आतड्याचा जोड कितपत विश्वासाचा आहे, कुठला ड्रेन कुठे आहे, कुठून रक्त येत राहील अशी भीती आहे, पोट पुन्हा उघडावं लागेल का, हे त्यांना ऐकीव माहीत असतं. सर्जननी दोन मिनिटं द्यायची आहेत. खरंच शक्य नसेल तर बोलण्याच्या वेळी स्पीकरवर फोन. "काही लागलं तर कळवा" हा निरोप त्या दोन मिनिटांची जागा घेऊ शकत नाही.

बोलायचं काय आणि कुठल्या क्रमाने? एखादं उदाहरण द्याल?

समजा, ड्युओडिनमच्या (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या) परफोरेशनसाठी, म्हणजे भोक पडल्यामुळे, रात्री लॅपरोटॉमी (पोट उघडून ऑपरेशन) झाली आहे. चांगला ओव्हर साधारण असा ऐकू येईल. (नवख्यांसाठी: इन्डक्शन म्हणजे भूल सुरू करणं, नॉरॲड म्हणजे बीपी वर ठेवणारं नॉरॲड्रेनलिन, रिलॅक्संट म्हणजे स्नायू सैल करणारं औषध, एबीजी म्हणजे धमनीतल्या रक्ताची तपासणी, ग्रॅहम पॅच म्हणजे पोटातल्या चरबीच्या पडद्याने भोक बुजवणं, रायल्स ट्यूब म्हणजे नाकातून जठरात घातलेली नळी, मीन म्हणजे सरासरी बीपी.)

भूलतज्ज्ञ: "बासष्ट वर्षांचे, वजन साठ. पेशंट सीरियस आहे, अजून स्थिर नाही. डायबेटिस आहे, गोळ्यांवर. पेनिसिलिनची ॲलर्जी, अंगावर पित्त उठलं होतं. ट्यूब सोपी गेली, साडेआठ नंबर, बावीसला फिक्स. इन्डक्शननंतर बीपी पडलं, तेव्हापासून नॉरॲड. ४ मिलिग्रॅम ५० मिलीत, ताशी ५ मिली, सेंट्रल लाईनच्या डिस्टल पोर्टवर. तीन लिटर फ्लुइड दिलं, रक्त दिलेलं नाही, दोन पिशव्या क्रॉसमॅच करून ब्लड बँकेत आहेत. लघवी एकूण दीडशे. रिलॅक्संटचा शेवटचा डोस सव्वा एकला, रिव्हर्स केलेलं नाही. अँटिबायोटिक अकराला दिलं, पुढचा डोस चार्टवर लिहिलाय. शेवटचं एबीजी एक वाजता, लॅक्टेट चार."

सर्जन: "पोटात दोन लिटर घाण होती. पुढच्या भिंतीला एक सेंटिमीटरचं भोक, ग्रॅहम पॅच मारलाय. ड्रेन दोन: उजवा यकृताखाली, डावा पेल्व्हिसमध्ये. रायल्स ट्यूब महत्त्वाची आहे. निघाली तर कोणीही आपणहून परत घालायची नाही, मला फोन करायचा. ड्रेनमध्ये पित्त दिसलं तरी फोन, कितीही वाजलेले असोत."

मग आयसीयूचे डॉक्टर: "म्हणजे सेप्टिक शॉक, नॉरॲडवर, आज ट्यूब काढायची नाही. मीन ६५ ठेवायचं. दोन तास लघवी तासाला ३० च्या खाली राहिली तर आधी इको बघून फ्लुइड ठरवतो. रायल्सला हात नाही. पेनिसिलिन नाही. बरोबर?"

सिस्टर: "डायबेटिसची गोळी सकाळी घेतली होती का? आणि हेपरिन कधीपासून?"

हा शेवटचा प्रश्न आला म्हणजे ओव्हर जमला असं समजायचं. घेणाऱ्याने काहीच विचारलं नाही तर बहुतेक वेळा ते ऐकतच नव्हते.

अगदी सुरुवातीलाच आजाराचं गांभीर्य आलंय, हे लक्षात घ्या. "पेशंट ठीक आहे" किंवा "पेशंट सीरियस आहे" हे आधी कळलं की पुढची माहिती कुठे ठेवायची ते ऐकणाऱ्याला कळतं. आपल्याकडे सवय अशी की सन १९९८ पासूनचा बीपीचा इतिहास आधी, आणि नॉरॲड शेवटी, जाता जाता.

एसबार, आयपास... कुठला साचा वापरायचा?

जो तुमची टीम खरोखर वापरेल तो. एसबार म्हणजे परिस्थिती, पार्श्वभूमी, अंदाज, शिफारस. तो अमेरिकेच्या नौदलातल्या अणुपाणबुड्यांवरून कैसर पर्मनंट या हॉस्पिटल-समूहाने उचलला. फोनवरून सीनियरना उठवायला फार छान. "सर, बेड चारचं बीपी पडतंय, मला ब्लीड वाटतंय, तुम्ही या" हे थोडक्यात बसतं. ओटीतून येणाऱ्या गुंतागुंतीच्या पेशंटला मात्र तो तोकडा पडतो.

आयपासमध्ये पाच भाग आहेत: आजाराचं गांभीर्य, पेशंटचा सारांश, करायच्या कामांची यादी, पुढे काय होऊ शकतं आणि झालं तर काय, आणि शेवटी घेणाऱ्याने स्वतःच्या शब्दांत परत सांगणं. उत्तर अमेरिकेतल्या नऊ हॉस्पिटलांत, १०,७४० भरती पेशंटांवर त्याचा अभ्यास झाला आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी आणि टाळता येण्याजोगे अपाय ३० टक्क्यांनी घटले. तो बालरोग विभागातल्या रेसिडेंटांच्या ड्यूटीबदलाचा अभ्यास होता, ओटी-आयसीयूचा नव्हे. तरी शेवटचे दोन भाग आपल्या कामाला जसेच्या तसे लागू पडतात. माझ्या मते साच्याचं नाव काहीही ठेवा, 'झालं तर काय' आणि 'परत सांगा' हे दोन त्यात असले म्हणजे झालं.

"नॉरॲड पाचवर चालू आहे" एवढं सांगितलं तर पुरत नाही का?

नाही पुरत, आणि हा छोटा वाटणारा प्रश्न या पानावरचा सगळ्यात धोक्याचा आहे. पाच म्हणजे ताशी ५ मिली. पण सिरिंजमध्ये काय आहे? ओटीत ५० मिलीत ४ मिलिग्रॅम भरलं असेल तर एका मिलीत ८० मायक्रोग्रॅम, म्हणजे ताशी ४००, मिनिटाला साधारण ६.७. आयसीयूत ८ मिलिग्रॅम भरायची पद्धत असेल आणि सिरिंज संपल्यावर सिस्टरनी त्यांच्या पद्धतीने नवी भरून पंप पाचवरच ठेवला, तर मिनिटाला १३.३. डोस दुप्पट, पंपावरचा आकडा तोच. उलट दिशेने झालं तर डोस निम्मा आणि बीपी खाली.

उपाय तीन. ओटी आणि आयसीयूने मिळून एकच डायल्यूशन (किती मिलीत किती औषध) ठरवणं. ही एक बैठक बाकी सगळ्या प्रशिक्षणापेक्षा जास्त उपयोगी पडते. सिरिंजवर औषध, प्रमाण आणि भरल्याची वेळ लिहिलेलं लेबल, आणि ते लेबल ल्यूकोप्लास्टवर बॉलपेनने लिहिलेलं असलं तरी चालेल, पण असलं पाहिजे. आणि ओव्हर देताना डोस मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिटमध्ये बोलणं. वरच्या पेशंटचा तो ०.११ होतो.

नॉरॲडची सिरिंज संपत आलेली असताना पेशंट हलवू नये. निघण्याआधीच नवी भरून तयार ठेवावी. पेशंट पोचल्या-पोचल्या ओटीचा पंप काढून आयसीयूचा लावायची घाईही नको. दोन सेकंदांची खोटीही अशा पेशंटला महागात पडते.

शिफ्टिंगला निघताना काय बघायचं?

ऑक्सिजन आधी. बी टाइप सिलिंडरची पाण्याची क्षमता साधारण १० लिटर असते. गेजवर १५० दिसत असेल तर सुमारे १,५०० लिटर ऑक्सिजन. गेज ५० वर आला असेल तर ५०० लिटर, म्हणजे मिनिटाला १० लिटरने पन्नास मिनिटं. कागदावर पुरेसा वाटतो. पण लिफ्ट अडकते, आयसीयूचा दरवाजा आतून बंद असतो. लागेल त्याच्या दुप्पट हाताशी हवा. सिलिंडरची चावी सिलिंडरलाच बांधलेली असावी, मामांच्या खिशात नव्हे.

पंप आणि मॉनिटरची बॅटरी. ॲम्बू बॅग आणि मास्क, पेशंट ट्यूबवर असला तरी. ॲट्रोपिन, ॲड्रेनलिन, एक भरलेलं रिलॅक्संट, लॅरिंगोस्कोप. छातीतली नळी असेल तर वाटेत क्लॅम्प करायची नाही. बाटली उभी आणि छातीच्या खाली ठेवायची. हवा गळत असलेल्या फुप्फुसाची नळी बंद केली तर ती हवा छातीतच कोंडते. लघवीची पिशवी निघण्याआधी रिकामी करून किती होती ते लिहायचं, म्हणजे आयसीयूचा हिशेब शून्यापासून सुरू होतो.

सिस्टरनी मध्येच विचारलं की काही सीनियर चिडतात. काय करावं?

आपल्याकडची खरी अडचण हीच आहे आणि कुठलाही फॉर्म ती सोडवत नाही. नव्या सिस्टरला दिसतं की सांगितलेला डोस आणि पंपावरचा डोस जुळत नाही, पण समोर प्रोफेसर उभे असतात. ती गप्प बसते. नंतर ती हळूच रेसिडेंटला सांगते, रेसिडेंट म्हणतो बघतो.

विचारणं ही कोणाच्या धाडसावर सोडायची गोष्ट नाही, ती ओव्हरची पायरीच करायची. माहिती संपली की आयसीयूचे डॉक्टर सिस्टरकडे वळून नाव घेऊन म्हणतात, "सिस्टर, तुमचं काय राहिलं?" रोज, प्रत्येक पेशंटला. मग विचारणं उद्धटपणा राहत नाही. न विचारणं विचित्र दिसतं. हे युनिट हेडनी स्वतः सुरू केलं तर पंधरा दिवसांत अंगवळणी पडतं. त्यांनी नाही केलं तर भिंतीवर कितीही पोस्टर लावा.

भाषेचीही गोष्ट आहे. मुंबई-पुण्याच्या आयसीयूत मल्याळी सिस्टर, हिंदी बोलणारे ब्रदर, मराठी मामा आणि इंग्रजीत बोलणारे डॉक्टर एकाच बेडभोवती असतात. आकडा इंग्रजीत सांगितला तर फिफ्टीन आणि फिफ्टी कानाला सारखेच, मराठीत सांगितला तर एकोणचाळीस म्हणजे तीसच्या घरातला की चाळीसच्या, यात मराठी न येणारा अडकतो. "वन फाइव्ह, पंधरा" असं सुटं सांगावं, आणि समोरच्याने परत म्हणावं.

ऑपरेशन चालू असतानाच भूलतज्ज्ञ बदलले तर तोही ओव्हरच का?

हो, आणि तो बहुतेक वेळा कुठेच लिहिला जात नाही. कॅनडातल्या ऑन्टारिओमध्ये तीन लाखांहून अधिक ऑपरेशनांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा जिथे भूलतज्ज्ञ पूर्णपणे बदलले तिथे मृत्यू, पुन्हा भरती किंवा मोठी गुंतागुंत यांचं प्रमाण जास्त दिसलं. हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं आणि बरीच खळबळ उडाली. मग जर्मनीतल्या १२ केंद्रांनी चिठ्ठ्या टाकून पेशंट दोन गटांत वाटले, एका गटात भूलतज्ज्ञ बदलायचे, दुसऱ्यात नाही. २०२२ मध्ये निकाल आला: हेच प्रमाण भूलतज्ज्ञ बदलले तिथे ३० टक्के, नाही बदलले तिथे ३३ टक्के, म्हणजे म्हणण्यासारखा फरक नाही. दमलेल्या माणसाने घरी जाणं हे काही पाप नाही. पण आयसीयूत ओव्हर देणारा भूलतज्ज्ञ दुसरा असेल, तर इन्डक्शनच्या वेळी काय झालं हे त्याला कागदावरूनच कळणार. म्हणून ट्यूब अवघड गेली असेल तर ते भुलेच्या चार्टवर ठळक हवं.

रात्री दोनला दोनच माणसं असतात. एवढं सगळं कुठून जमणार?

सगळं जमणार नाही. तेव्हा चार गोष्टी धरा: जोडणी पूर्ण होईपर्यंत बोलायचं नाही, पेशंट किती सीरियस आहे ते पहिल्या वाक्यात, येत्या सहा तासांत काय बिघडू शकतं आणि तेव्हा फोन कोणाला, नंबरासकट, आणि समोरच्याने परत सांगणं. बाकी चार्टवरून वाचता येतं.

लहान हॉस्पिटलात सुरुवात कशी करावी?

फॉर्म छापून करू नका. पाच-सहा ओव्हर नुसते उभे राहून बघा. कोण कुठे उभं असतं, कोण केव्हा बोलतं, कितीदा फोन वाजतो, काय राहतं. हे ओटीच्या आणि आयसीयूच्या माणसांनी एकत्र बसून बोला. एकट्या आयसीयूने केलेला फॉर्म ओटीवाले कधीच भरत नाहीत. मग एक अर्ध्या पानाची यादी करून बेडच्या पायथ्याशी लॅमिनेट करून टांगा. तिच्यावर टिका (बरोबरच्या खुणा) मारायच्या नाहीत, ती बघून बोलायचं आहे. टिका मारायची सोय केली की त्या सकाळी एकदम, एका पेनाने, एका हाताने मारल्या जातात.

बाहेरून येणारे सर्जन आणि भूलतज्ज्ञ हा लहान हॉस्पिटलांचा खास प्रश्न. पहिल्या केसआधीच त्यांना ही यादी दाखवा, आणि रात्री उचलला जाईल असा नंबर घ्या.

आम्ही बाहेर बसलेले नातेवाईक. पेशंट आयसीयूत गेला तरी तासभर कोणी काही सांगत नाही. का?

पहिली पंधरा-वीस मिनिटं वर सांगितलेलं काम चालू असतं, आणि त्या वेळी कोणी तुमच्याशी बोलायला बाहेर आलं तर आत एक माणूस कमी पडतो. पण त्यानंतरचा तासभर हा आमच्याच व्यवस्थेचा दोष. सर्जनना वाटतं आयसीयूवाले सांगतील, आयसीयूवाल्यांना वाटतं सर्जन ओटीतून बाहेर पडताना बोलले असतील. कोण आणि केव्हा बोलणार, हे ओव्हरमध्येच ठरायला हवं. तुम्ही दारावरच्या सिस्टरना एकच विचारा: "आज आमच्याशी कोणते डॉक्टर बोलणार आहेत?" नाव मिळालं की थांबणं सोपं जातं. पेशंटला कसली ॲलर्जी असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ते ऑपरेशनआधी सांगितलेलं असलं तरी आयसीयूच्या डॉक्टरांना पुन्हा सांगा. कोणी वैतागलं तरी सांगा.

ओव्हरचा कागद केसपेपरला लावायचा की नंतर फेकायचा? व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला तर?

लावायचा, वेळ आणि दोन्ही बाजूंच्या सह्यांसकट. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांनुसार भरती पेशंटची कागदपत्रं उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ठेवावी लागतात आणि पेशंटने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने मागितली तर ७२ तासांत द्यावी लागतात. ओव्हरचा कागद त्यातलाच. पुढे वाद झालाच तर कोणी काय सांगितलं होतं याचा तो पुरावा असतो, देणाऱ्याच्याही बाजूने.

व्हॉट्सॲपवर पेशंटचं नाव, फाइल नंबर, चेहरा दिसणारे फोटो नकोत. बेड नंबर आणि "निघालो" एवढ्याला तो ग्रुप पुष्कळ आहे. ओव्हर म्हणून मेसेज टाकून त्यावर निळी खूण आली की काम झालं असं मानणारी मंडळी वाढत आहेत; त्यांना आयसीयूच्या दारातून परत पाठवून बेडपाशी उभं करायचा अधिकार ड्यूटीवरच्या सिस्टरना लेखी द्यावा.